ल्युपस असताना गरोदरपण: रक्ताच्या गुठळ्यांपासून जपण्यासाठी
गरोदरपणात रक्त एरवीपेक्षा लवकर गोठते, आणि ल्युपस (रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा आजार) असलेल्या काही स्त्रियांमध्ये अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांमुळे (रक्तातील गुठळ्यांना वाव देणाऱ्या प्रथिनांमुळे) गुठळ्यांचा धोका आणखी वाढतो; म्हणून शक्यतो दिवस राहण्याआधीच या प्रतिपिंडांसाठी रक्ततपासणी करावी आणि ती पॉझिटिव्ह आल्यास किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करावी. या प्रतिपिंडांपैकी ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’ (शब्दशः ‘रक्त गोठू न देणारे’) हे नाव फसवे आहे: प्रयोगशाळेत ते रक्त गोठण्यास उशीर लावते, शरीरात मात्र गुठळ्यांना वाव देते. गुठळ्या टाळण्यासाठी डॉक्टरांनी दिलेले ॲस्पिरिन किंवा हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे इंजेक्शन) स्वतःच्या मनाने थांबवू नये. पुण्याहून नागपूरला माहेरी जाताना रात्रभर बसमध्ये बसून राहावे लागणार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. एकच पाय सुजून त्या पायातल्या चपलेचा पट्टा रुतू लागला, पोटरी दुखली किंवा एकाएकी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. बाळंतपणानंतरचे 6 आठवडे तर गरोदरपणाहूनही अधिक जोखमीचे असतात.