युरोपला माल पाठवायचाय? वजनकाट्यावरच या चुका टाळा

गेल्या हंगामात युरोपच्या जंगलतोडविरोधी कायद्यासाठी केलेली, पलूस-वाळव्याकडच्या सोयाबीन उत्पादकांची एक यादी माझ्याकडे तपासायला आली. नाव, गट नंबर, क्षेत्र, अक्षांश, रेखांश, सगळे रकाने व्यवस्थित भरलेले. यादी नकाशावर चढवली तर सांगली जिल्ह्यात एकही ठिपका उमटेना. सगळे ठिपके नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रात पडले होते.

सांगली साधारण १६.८५ उत्तर अक्षांश आणि ७४.५८ पूर्व रेखांशावर आहे. मोबाइलच्या नकाशात अक्षांश आधी दिसतो, पण खरेदीदाराला लागणाऱ्या जिओजेसन फाइलमध्ये (नकाशावरच्या जागा नोंदवायची ही एक पद्धत) रेखांश आधी लिहितात. यादी भरणाऱ्या पोराने मोबाइलवरचा क्रम जसाच्या तसा उतरवला होता. म्हणून फाइल पाठवण्याआधी उघडून पहिला आकडा बघा. सातारा-सांगलीत तो ७३, ७४ किंवा ७५ ने सुरू व्हायला हवा. तिथे १६ किंवा १७ दिसला तर फाइल पाठवू नका.

हा सगळा खटाटोप युरोपीय संघाच्या जंगलतोडमुक्त मालाच्या कायद्यासाठी आहे. कायदा २०२३ चा. त्यात सात जिनसा येतात: गुरं, कोको, कॉफी, पाम तेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड, शिवाय त्यांच्यापासून बनलेला, कायद्याच्या यादीतला माल. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरचा माल युरोपात विकता येणार नाही. तो आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे पिकवलेलाही असावा लागतो. हे सिद्ध करायची जबाबदारी तिथल्या आयातदाराची आहे, पण त्याला पुरावा देणार आपणच. जास्तीत जास्त दंड त्याच्या युरोपातल्या वार्षिक उलाढालीच्या निदान ४ टक्क्यांपर्यंत तरी जाऊ शकेल, अशी तरतूद आहे. एवढी टांगती तलवार डोक्यावर असताना तो आपल्या अर्धवट कागदांसाठी थांबणार नाही, दुसरीकडून माल घेईल.

तारखेबाबत मात्र मोठा गैरसमज आहे. अंमलबजावणी दोनदा पुढे गेली. आता मोठ्या आणि मध्यम कंपन्यांसाठी ३० डिसेंबर २०२६, तर लहान आणि सूक्ष्म कंपन्यांसाठी ३० जून २०२७ ही तारीख आहे. कुपवाडच्या एका कारखानदारांनी मला सांगितलं, ‘‘आम्ही लघुउद्योग, आम्हाला जूनपर्यंत वेळ आहे.’’ पण इथे आकार बघतात तो युरोपातल्या आयातदाराचा. तो मोठा असेल तर तुमच्यासाठीही डिसेंबरच. सोयाबीनवाल्यांनी तर खरिपाचा हिशेब मांडावा. २०२६ च्या जूनमध्ये पेरलेलं पीक दिवाळीच्या आसपास काट्यावर येतं आणि त्याची सोयापेंड युरोपच्या बंदरात उतरेपर्यंत कायदा लागू झालेला असेल.

दुसरा गैरसमज असा, की भारत जंगलतोडीची जोखीम कमी असलेल्या देशांत आहे, म्हणजे आपण सुटलो. २०२५ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने भारताला त्या गटात घातलं, हे खरं. त्यामुळे आयातदाराला जोखमीचं मूल्यमापन करावं लागत नाही आणि त्याच्यावरच्या तपासण्याही कमी होतात. पण रानाचं ठिकाण, पिकाचा काळ, माल कुणाकडून आला, ही माहिती गोळा करावीच लागते आणि पाच वर्षं जपावी लागते.

आता ठिकाणाच्या चुका. सगळ्यात जास्त सापडते ती ही: वीस शेतकऱ्यांचा एकच ठिपका. लोकेशन संकलन केंद्रावर उभं राहून घेतलेलं असतं, किंवा शेतकऱ्याने घरी बसून व्हॉट्सॲपवर पाठवलेलं असतं. ठिपका रानातच घ्यायचा, बांधापासून थोडं आत उभं राहून. ४ हेक्टरपर्यंतच्या, म्हणजे जवळजवळ १० एकरांपर्यंतच्या तुकड्याला एक ठिपका पुरतो. त्याहून मोठ्या रानाची बांधावरून फिरून पूर्ण हद्द घ्यावी लागते. आपल्याकडे बहुतेकांचं भागतं ते एका ठिपक्यात, ही मोठी सोय आहे. पण एकाच शेतकऱ्याची रानं तीन ठिकाणी असतील तर ठिपकेही तीन. दशांश चिन्हापुढे सहा आकडे हवेत. एक्सेल कधी कधी ते गुपचूप कापतं, म्हणून तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. उत्पादनही पडताळा. एकरी ४० क्विंटल सोयाबीन कुणाच्याच रानात येत नाही. यादीत तसं दिसलं तर दुसऱ्याचा माल त्या नावावर आलाय.

सातबाऱ्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकतो. काहींना वाटतं उतारा जोडला की झालं. तसं होत नाही, कारण गट नंबर म्हणजे अक्षांश-रेखांश नव्हे. एका गटात चार भावांचे पोटहिस्से असतात, कसणारा वाटेकरी असतो आणि माल त्याच्या नावाने येतो. काहीजण उलट उतारा बाजूलाच सारतात, आणि ही चूक मला जास्त महागाची वाटते. उपग्रहाच्या नकाशात आंब्याची बाग किंवा बांधावरची दाट झाडी जंगल म्हणून दिसू शकते. अशा वेळी सातबाऱ्यातल्या गाव नमुना बारामधली २०२० च्या आधीची पीकनोंद हा तुमच्याकडचा सर्वांत भक्कम पुरावा असतो. शिराळा, पाटणकडे चांदोली-कोयनेच्या जंगलाला लागून रानं आहेत. तिथे प्रत्येक खातेदाराचे जुने उतारे आत्ताच काढून ठेवा. आणि उतारावरचं एखादं रान २०२० नंतर जंगल तोडून नवं फोडलेलं असेल, तर ते यादीत घेऊच नका, मग शेतकरी कितीही ओळखीचा असो.

रबरवाल्यांसाठी थोडक्यात. कायदा नैसर्गिक रबराला आहे, सिंथेटिकला नाही. तुमचं गॅस्केट निव्वळ नायट्राइलचं, म्हणजे सिंथेटिक रबराचं असेल तर प्रश्न येत नाही. मिश्रणात नैसर्गिक रबर असेल तर त्या भागाचा माग दाखवावा लागतो. अडचण होते ती बिलावर नुसतं ‘रबर कंपाउंड’ लिहिलेलं असतं तेव्हा. मिक्सिंग करणाऱ्याकडून प्रमाण आणि शीट कुठल्या मळ्यांतून आली, हे लेखी घ्या. शिवाय तुमच्या मालाचा एचएसएन क्रमांक कायद्याच्या यादीत आहे का, हे आधी बघा. रबर असूनही वाहनाच्या सुट्या भागांत मोडणारा माल त्या यादीत येत नाही.

कायद्याची यादी न वाचता घाबरलेलेही खूप भेटतात. हळद, बेदाणा यांना हा कायदा लागत नाही. मिरजेची सतार लाकडी भागांची असली तरी वाद्यं यादीत नाहीत. कास्टिंग ज्या लाकडी पॅलेटवर जातं ते निव्वळ पॅकिंग म्हणून वगळलेलं आहे. पॅलेटच विकत असाल तर मात्र ते यादीत येतं.

आणि आता गोदाम. आधीचं सगळं नीट जमलं तरी काम मोडतं ते इथेच. ठिकाण माहीत असलेला माल आणि बाजारातून उचललेला माल एका थप्पीत गेला, की पूर्ण थप्पीच बाद. ‘‘नव्वद टक्के माल यादीतल्या शेतकऱ्यांचा आहे’’ हे या कायद्यात चालत नाही, कारण टक्केवारीने मिसळायला परवानगीच नाही. मी एका गोदामात पाहिलं. यादीतल्या शेतकऱ्यांच्या पोत्यांवर लॉट नंबर होता, पण संध्याकाळी पाऊस आला आणि हमालांनी बाहेरची पोती जिथे जागा मिळाली तिथे रचली. त्यातली काही आडत्याकडची, बिननंबरची. महिनाभराची मेहनत त्या अर्ध्या तासात गेली. हमालांची त्यात चूक नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून आम्ही यादीतल्या मालाच्या बारदानाच्या तोंडाला हिरवी सुतळी बांधतो. काटा पावतीवर शेतकऱ्याच्या नावापुढे रानाचा नंबर लिहितो आणि तोच लॉट नंबराच्या वहीत चढवतो. बिनपावतीचं पोतं हिरव्या थप्पीकडे जात नाही, मग बाहेर पाऊस पडत असला तरी. खरेदी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी हमालांना आणि काटेवाल्याला एकत्र बसवून हे समजावून सांगतो. सोयाबीनचं तेल काढून पेंड करणाऱ्या सॉल्व्हंट प्लँटशीही आधीच बोलून घेतो, कारण आमचा माल त्यांच्या हौदात दुसऱ्याच्या मालावर ओतला गेला तर हिरव्या सुतळीचा काही उपयोग राहत नाही. त्यांनी हौद रिकामा करून, साफ करून आमचा लॉट वेगळा गाळायला हवा, आणि तसं त्यांच्याकडून लेखी घेतल्याशिवाय आम्ही गाडी भरत नाही.