व्होल्टेज कमी येतंय? स्टॅबिलायझर घेण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की वाडीतले पंखे, फ्रिज, पंप सगळे एकदम चालू होतात. संध्याकाळी 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळतात आणि आगरातल्या विहिरीवरची मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. ती तशीच चालू ठेवणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे 180 ला जेमतेम 60 टक्के उरतो. न फिरणारी मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळतं. गुणगुण ऐकली की लगेच बंद करा.

मग दुकानातून स्टॅबिलायझर येतो. त्यात ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, टॅप (कॉइलवरची जोडणीची जागा) बदलतो, कॉइलच्या वेढ्यांचं प्रमाण बदलतं आणि व्होल्टेज चढतं. पण वीज काही वाढत नाही. 180 चे 230 करायला तो लाइनमधून सव्वापटीहून जास्त करंट घेतो. वायर बारीक असली तर तिच्यातच आणखी व्होल्टेज पडतं.

म्हणून आधी वायरमनकडून पंप चालू ठेवून मोजून घ्या, मीटरजवळ आणि विहिरीवरही. मीटरपाशी 215 आणि विहिरीवर 190 असेल, तर दोष तुमच्याच वायरचा. विहीर 100 मीटरवर आणि तांब्याची वायर 1.5 चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन 200 मीटरचा रोध साधारण 2.4 ओहम होतो. एक एचपी पंपाचे 7 अँपिअर धरले तरी 17 व्होल्ट वाटेतच जातात, सुरू होताना त्याहून कितीतरी जास्त. 4 चौरस मिलिमीटरची वायर घातली की ही घट 6-7 व्होल्टवर येते. माझ्या मते पहिला पैसा इथेच घालावा. पिळून टेप गुंडाळलेले जोडही बघा. खाऱ्या हवेत ते हिरवे पडतात आणि तापतात.

तुमचे दिवे अचानक भडक आणि शेजाऱ्यांचे मंद झाले, तर लाइनचा न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची तार, सुटलेला असू शकतो. अशा वेळी घरात 400 च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं. स्टॅबिलायझरच्या भरवशावर न राहता मेन स्विच पाडा आणि तक्रार नोंदवा.

अमेरिकेहून आलेला 120 व्होल्टचा मिक्सर मात्र स्टॅबिलायझरवर लावू नका. त्याला त्याच्या वॉटहून मोठा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरच लागतो.