मोटरबोटचे काटे जोडीने वाचा

किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवा, पण लगेच स्टार्टर मारू नका. या दोन-तीन सेकंदांत विजेवर चालणारे बरेचसे काटे जागचे हलले पाहिजेत आणि बहुतेक बोटींत बझरही वाजतो. बझर वाजलाच नाही, तर बोट ठीक आहे असं समजू नका. कदाचित बझरच मेला असेल, आणि मग इंजिन तापलं तरी तुम्हाला सांगणारं कोणी नाही. व्होल्टमीटर 12.6 ते 12.7 दाखवत असेल तर बॅटरी भरलेली आहे. 12 च्या खाली असेल तर आधी चार्जिंग करा. पेट्रोलचा काटाही आत्ताच, बोट सपाट उभी असताना वाचा. नाक वर करून पळणाऱ्या बोटीत टाकीतलं पेट्रोल मागे सरकतं आणि काटा काहीही सांगतो.

इंजिन सुरू होताच नजर ऑइल प्रेशरवर ठेवा. चार-पाच सेकंदांत काटा उठला नाही तर इंजिन बंद करा, ऑइल नंतर तपासा. इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या चालीत 10 पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पाउंडांतला दाब) आसपास आणि वेगात 40 ते 60 दाखवणं साधारण बरोबर. तरी आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडा डायलशेजारी पेनाने लिहून ठेवलेला बरा.

आता व्होल्टमीटर पुन्हा पाहा. तो 13.8 ते 14.4 वर गेला पाहिजे. इथे टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे (आरपीएम) दाखवणारा काटा, त्याचा जोडीदार. बऱ्याच इंजिनांत आरपीएमचा सिग्नल चार्जिंग यंत्रणेतूनच येतो. इंजिन व्यवस्थित चालू असताना टॅकोमीटर शून्यावर पडला आणि व्होल्टही उतरायला लागले, तर चार्जिंग गेलं. नुसता टॅकोमीटर पडला तर आधी वायर पाहा. आकडा नेहमीच दुप्पट किंवा निम्मा येत असेल, तर चार्जिंग यंत्रणेच्या चुंबकी पोलांची संख्या निवडणारा, मीटरच्या पाठीवरचा स्विच चुकीच्या खाचेत आहे. नवा मीटर बसवल्यावर हमखास होणारी चूक!

नाशिककरांनी टॅकोमीटरकडे आणखी एका कारणाने पाहावं. गंगापूर धरणाचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंच. दर 300 मीटरला टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाची सुमारे 3 टक्के ताकद घटते. त्यामुळे कोकणात पूर्ण थ्रॉटलला 5,500 आरपीएम देणारी बोट इथे कमी देते, आणि लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात. प्रोपेलरचा पिच (एका फेऱ्यात तो पुढे सरकायला हवा ते अंतर) एक इंच कमी केला की साधारण 150 ते 200 आरपीएम परत मिळतात. आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही, असं असेल तर पात्यांत वेल अडकलाय किंवा प्रोपेलरच्या हबचं (मधल्या भागाचं) रबर घसरतंय.

तापमान आणि पाण्याचं प्रेशर ही दुसरी जोडी. उन्हाळ्यात धरण उतरलं की काठाला गाळ उरतो, गोदापात्रात जलपर्णी असते, आणि दोन्ही थेट पाणी ओढणाऱ्या जाळीत जातात. आधी प्रेशर पडतं, तापमान नंतर चढतं. म्हणून पाण्याच्या प्रेशरचा मीटर नसलेल्या आउटबोर्डमध्ये (बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनात) मागून येणारी पाण्याची धार अधूनमधून बघायची. धार बारीक झाली तर न्यूट्रल करून इंजिन बंद करा आणि जाळी साफ करा. जाळी स्वच्छ असूनही प्रेशर येत नसेल तर बहुधा पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, झिजलाय. तो रबरी असतो, कोरडा चालला तर काही सेकंदांतच खराब होतो. त्यामुळे काठावर नळी न लावता इंजिन सुरू करू नये.

स्पीडोमीटरवर फार भरवसा ठेवू नका. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रकारात नळीत गाळ बसला की काटा शून्यावर. डायल नॉटमध्ये असेल तर 1 नॉट म्हणजे ताशी 1.852 किमी. खोलीमापक सेन्सरपासून खाली मोजतो, त्यामुळे प्रोपेलर सेन्सरच्या किती खाली आहे तेवढं वजा करा. वेगात आकडा लुकलुकत असेल तर सेन्सरखाली हवेचे बुडबुडे येतात.

सगळेच काटे एकदम नाचत असतील, किंवा दिवे लावताच सरकत असतील, तर मीटर बदलू नका. सामाईक अर्थिंगच्या काळ्या वायरचा स्क्रू बहुधा सैल किंवा गंजलेला असतो. पेट्रोलचा काटा एकटाच मेला असेल, तर टाकीवरच्या सेंडरची (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या भागाची) गुलाबी वायर मीटरच्या पाठीवर जिथे जोडली आहे, तो स्क्रू टाकीपासून दूर, डॅशबोर्डपाशीच वायरच्या तुकड्याने क्षणभर अर्थला जोडा. अमेरिकन पद्धतीच्या मीटरमध्ये काटा पूर्ण चढला तर मीटर ठीक, दोष सेंडरचा किंवा त्याच्या वायरचा. टाकीजवळ ठिणगी पडू देऊ नका.