उपदेश लांबतो, भरकटतो, पोहोचत नाही? या चुका टाळा

चर्चमधला उपदेश फसला की दोष आवाजाला किंवा घाबरण्याला दिला जातो. खरी गडबड बहुतेक वेळा तयारीतच झालेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मुद्दा आधी ठरवून मग त्याला जुळणारं बायबलमधलं वचन शोधणं. फिलिप्पैकरांस ४:१३ (‘जो मला सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकतो’) परीक्षेपासून धंद्यापर्यंत कशालाही लावलं जातं. वरची दोन वचनं वाचा: भरपूर असो वा उपासमार, दोन्हींत समाधानी राहायला शिकलो, असं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतोय, आणि तेही बंदिवासातून. इथे विषय यशाचा नाही, तग धरण्याचा आहे. यिर्मया २९:११ (‘तुमच्यासाठी माझ्या योजना हिताच्या आहेत’ असं देव सांगतो) चंही तसंच. ते बाबेलमध्ये (बॅबिलोन) नेलेल्या यहुदी बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे, आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हयातीत परतणं होणार नव्हतं. ही सत्तर वर्षं गाळली की उरते ती नुसती शुभेच्छा.

म्हणून निवडलेल्या भागाच्या मागचा आणि पुढचा अध्यायही वाचा, शक्यतो दोन भाषांतरांत. आजचे अध्याय तेराव्या शतकात पडले, नव्या करारातले (बायबलचा दुसरा भाग) आजचे वचनक्रमांक १५५१ च्या छापील आवृत्तीतून आले. मूळ लेखक तिथेच थांबला असेल, असं धरून चालू नका.

दुसरी चूक: संपूर्ण उपदेश एका वाक्यात सांगता न येणं. ‘देव प्रेमळ आहे’ हे वाक्य चालणार नाही, कारण ते कुठल्याही शास्त्रभागाला चिकटतं. येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला घ्या: धाकटा मुलगा आपला वाटा उधळून परततो आणि बाप त्याला आनंदाने घरात घेतो. लूक १५:१-२ प्रमाणे येशू पाप्यांसोबत जेवतो म्हणून परुशी (नियम काटेकोर पाळणारे यहुदी) आणि शास्त्री (धर्मशास्त्राचे पंडित) कुरकुर करताहेत. दाखल्याच्या शेवटी थोरला मुलगा रुसून बाहेरच उभा आहे आणि तो आत गेला की नाही, हे सांगितलेलंच नाही. मग वाक्य असं होईल: ‘भावाला घरात घेतलं म्हणून रुसलेल्यालाही बाप स्वतः बाहेर येऊन बोलावतो.’ या वाक्याला हातभार न लावणारा दृष्टांत कितीही रंगतदार असला तरी काढून टाका. ग्रीक-हिब्रू शब्दांची आतषबाजीही त्याच नियमाने जाते.

लागूकरण, म्हणजे ऐकणाऱ्याने रोजच्या जगण्यात काय करायचं ते, ढोबळ ठेवू नका. ‘आपण क्षमाशील व्हावं’ यावर सगळे मान हलवतात आणि घरी जातात. अबोला धरलेल्या एका माणसाला या आठवड्यात फोन करा, असं म्हटलं की ऐकणाऱ्याला चेहरा आठवतो. मात्र मंडळीतल्या कुणाची अडचण, नाव न घेताही, उदाहरण म्हणून वापरू नका. लोक ओळखतात.

वेळेचा हिशोब सोपा आहे. मिनिटाला १०० ते १२० शब्द धरले तर २० मिनिटांना २,००० ते २,४०० शब्द पुरतात, तेही शास्त्रपाठ (बायबलवाचन) धरून. घड्याळ लावून एकदा मोठ्याने म्हणून बघा. मनातल्या मनात वाचलं की वेळ नेहमी कमी भरतो. सुरुवातीची दोन वाक्यं पाठ ठेवा. शेवटची तीन-चार शब्दशः लिहून काढा, नाहीतर ‘शेवटी एवढंच सांगतो’ तीनदा येतं.

टिपणं मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला. पानाच्या शेवटी वाक्य तुटू देऊ नका. माइक तोंडाच्या अगदी समोर धरला तर ‘प’ आणि ‘फ’ फुटतात, म्हणून किंचित बाजूला धरा. वेळ कमी पडला तर काय गाळायचं, ते समासात आधीच खूण करून ठेवा: दुसरा दृष्टांत जाऊ द्या, लागूकरण नाही.