पांढऱ्या पुळणीवर फोटो काळपट का येतात? ऑटोफोकस फिल्म कॅमेऱ्याचं एक्स्पोजर

कॅमेरा ऑटोफोकस आहे म्हणजे एक्स्पोजरही (फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते) आपोआप बरोबर येणार असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं. मग एकदा आईला घेऊन रत्नागिरीत 'पांढरा समुद्र' नावाच्या किनाऱ्यावर गेलो, भर दुपारी, जवळजवळ अख्खा रोल तिचेच फोटो काढले आणि रोल धुऊन आला तर निगेटिव्ह एकदम पातळ म्हणजे फिकट, चेहऱ्याच्या जागी जवळपास काहीच नाही. खूप वाईट वाटलं. पण कॅमेऱ्यात बिघाड नव्हता.

झालं काय की कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला वाळू पांढरी आहे हे कळत नाही, त्याला फक्त समोरून किती उजेड परत येतोय तेवढंच दिसतं आणि समोरचं सगळं मधल्या करड्या टोनचं, साधारण 18 टक्के उजेड परत फेकणारं आहे असं धरून तो हिशोब करतो. मग पांढरी पुळण करडी आणि त्यात उभा असलेला माणूस त्याहून काळा. मॅट्रिक्स किंवा इव्हॅल्युएटिव्ह मीटरिंग (फ्रेमचे भाग पाडून उजेड मोजणारं) जरा हुशार असतं, पण फ्रेमभर वाळू आली की तेही फसतं. म्हणून तिथे कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशोबात आपण हाताने केलेली वाढ-घट, प्लस 1 ते प्लस दीड स्टॉप लावा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). उजेड जास्त आहे तर मायनस करावं असं मनात येतं, ते ऐकू नका.

त्याच गावात मांडवीच्या काळ्या वाळूवर गेलात की बरोबर उलटं, काळी वाळू करडी करायला कॅमेरा जास्त उजेड देतो. स्लाइड फिल्म (धुतल्यावर उलटं नाही, सरळ चित्र देणारी) असेल तर मायनस 1 करा, कारण स्लाइडला अर्ध्या स्टॉपची चूकसुद्धा दिसते. कलर निगेटिव्ह असेल तर मात्र मी मायनसच्या भानगडीत पडत नाही, निगेटिव्ह दोन स्टॉप जास्त उजेड आरामात पचवते, कमी उजेड मात्र तिला अजिबात सोसत नाही. म्हणूनच मी आयएसओ 200 चा रोल (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा) कॅमेऱ्यात 100 वर टाकतो, म्हणजे एक स्टॉप जास्त उजेड मिळतो, आयएसओ हाताने सेट होत असेल तर तुम्हीही करून बघा.

आता ऑटोफोकसची खरी गंमत. बटण अर्धं दाबलं की फोकस लॉक होतो आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याच क्षणी एक्स्पोजरही लॉक होतं, म्हणजे तुम्ही डांबर फासलेल्या होडीवर फोकस धरून फ्रेम बाजूला सरकवलीत तर उजेडाचा हिशोबही होडीचाच राहतो. कॅननच्या ईओएसवर चांदणीचं बटण असतं, निकॉनवर एई-एल, त्याने एक्स्पोजर वेगळं धरता येतं. पण मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो तळहात. कॅमेरा मॅन्युअल मोडवर टाका (शटरचा वेग आणि लेन्सचं छिद्र आपणच ठरवायचं), तळहात उन्हात धरा (ज्याचा फोटो काढायचाय त्याच्यावर जसं ऊन पडलंय तसंच हातावर पडलं पाहिजे), फ्रेम हाताने भरून मीटर शून्यावर आणा, लेन्स फोकससाठी पुढेमागे करत बसली तरी हरकत नाही. तळहात मधल्या टोनपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून शटरचा वेग 1/500 सेकंद आला तर 1/250 करा. बस, आता ऊन बदलत नाही तोवर पुळण, होडी, आई, काहीही फ्रेममध्ये येऊ दे, आकडे हलवायचे नाहीत, फोकस तेवढा कॅमेऱ्यावर सोडा. पडताळा हवा असेल तर स्वच्छ उन्हात 100 च्या फिल्मला एफ 8 (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि 1/500 च्या आसपास यायला हवं.

पॉइंट अँड शूटवाल्यांनी (सगळं आपोआप करणारा छोटा कॅमेरा) आधी रोलच्या डबीवर चंदेरी-काळे चौकोन आहेत का ते बघा, त्यावरूनच कॅमेरा फिल्मचा आयएसओ ओळखतो. सुट्टी फिल्म भरलेल्या डब्यांवर ते नसतात आणि मग बरेच कॅमेरे सरळ आयएसओ 100 धरतात. आत 400 ची फिल्म असेल तर दोन स्टॉप जास्त जाईल, निगेटिव्हला चालेल, पण आत 50 ची असली तर एक स्टॉप कमी पडेल.

संध्याकाळचं वेगळं. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे हर्णै असो की तारकर्ली, सगळे सूर्याकडे पाठ करूनच फोटोला उभे राहतात आणि काळ्या सावल्या होऊन येतात. तेव्हा फ्लॅश ऑटोवर ठेवू नका, चालू करून ठेवा आणि माणसाला दोन-तीन मीटरच्या आत घ्या, लहान फ्लॅशचा उजेड त्यापलीकडे फारसा पोचत नाही. नुसता सूर्यास्त हवा असेल तर सूर्य फ्रेमबाहेर ठेवून बाजूच्या आभाळावर मीटर घ्या, लॉक करा, मग फ्रेम लावा.

आणि स्कॅन बघून निकाल लावू नका, लॅबचं मशीन उजेड आपणहून सारखा करतं. निगेटिव्ह खिडकीशी धरा. कडेचे छापील आकडे ठळक आहेत आणि चित्रातल्या सावलीच्या जागा कोऱ्या काचेसारख्या दिसतायत, तर धुणं नीट झालंय, उजेड कमी पडलाय, पुढच्या रोलला एक स्टॉप वाढवा.