निराधार अनुदान, पोटगी आणि मोफत वकील: कोकणातल्या घरांनी या चुका टाळा

तहसील कार्यालयात निराधारांना दरमहा अनुदान देणाऱ्या संजय गांधी योजनेच्या टेबलापाशी थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतं, "आजी, तुमचं बसत नाही." आजी मान हलवते, पिशवी काखेत मारते आणि दुपारच्या एसटीने गावाला परत जाते. तिच्या मते अर्ज नामंजूर झाला. खरं तर अर्ज दाखलच झालेला नसतो. मग सहा महिन्यांनी कोणीतरी तिला वकिलाकडे आणतं, आणि वकील पहिला प्रश्न विचारतो, "कागद कुठाय?"

माझा आग्रह एवढाच आहे की वृद्ध, विधवा, दिव्यांग माणसाच्या कामात मोफत वकील पहिल्या आठवड्यात घ्यावा. सगळं हातचं गेल्यावर नाही. पुढच्या बहुतेक चुका त्या उशिरातून होतात.

तोंडी नकार घेऊन घरी येणं

अर्ज दोन प्रतींत करा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन जपून ठेवा. "बसत नाही" असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा, "अर्ज ठेवून घ्या, नाकारायचा असेल तर कारण लिहून द्या." लिहिलेल्या कारणावर अपील करता येतं, बोललेल्यावर नाही.

उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतात. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा नाकारला, तर ३० दिवसांत त्याच विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील होतं. त्यानंतर दुसरं, आणि मग लोकसेवा हक्क आयोग. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. हे कलम दाखवून भांडायची गरज नसते. अर्जात त्याचा उल्लेख असला तरी पुष्कळदा काम हलतं.

सर्वात जास्त अर्ज उत्पन्नावर अडकतात. संजय गांधी निराधार योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं, दिव्यांगांसाठी ५०,००० च्या आत. २१,००० म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नाहीत. ही मर्यादा अन्यायाची आहे, हे मी उघड म्हणतो. पण ती आहे तोवर दाखल्यात कोणाकोणाचं उत्पन्न धरलं गेलं, ते तलाठ्याकडून लेखी घ्या. मुलगा विरार नाहीतर डोंबिवलीला संसार थाटून बसलेला, घरी रुपया पाठवत नाही, तरी रेशनकार्डावर त्याचं नाव तसंच असतं आणि त्याचा पगार आईच्या नावावर चढतो. अर्ज करण्याआधी रेशनकार्ड वेगळं करून घेतलं तर हा पेच मुळातच सुटतो.

पैसे येणं थांबलं म्हणजे अनुदान रद्द झालं, असं समजणं

अनुदान दरमहा १,५०० रुपये आहे, दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये ते २,५०० करण्यात आलं. ते थांबलं की लोक "आमचा बंद झाला" म्हणून सोडून देतात. आधी बँकेत जा. खातं आधारशी जोडलेलं आहे का आणि थेट लाभाचे पैसे नेमक्या कोणत्या खात्यात जातात, ते विचारा. दोन-तीन खाती असली की पैसे भलत्याच खात्यात पडून असतात आणि त्या खात्याचं पासबुक घरात कुणाला सापडत नाही. त्यानंतर हयातीचा दाखला दिला होता का, ते तहसीलला विचारा.

बंदरावर मासळी निवडणाऱ्या, सोलणाऱ्या बायकांची एक वेगळीच अडचण असते. एका मावशीचा अंगठा मशीनवर किती वेळा ठेवला तरी लाल दिवाच लागत होता. तिने पदराला हात पुसले, दुसरं बोट ठेवलं, मग तिसरं. मीठ, बर्फ आणि कोळंबीच्या काट्यांनी बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झालेल्या होत्या. "माझा हात चोरलान काय कोणी," म्हणाली. अशा वेळी डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीने पडताळणी होते का ते विचारा, आधार केंद्रात ठसे नव्याने द्या, आणि अंगठा उमटत नसल्याचं तहसीलदारांना लेखी कळवा. मशीनने ओळखलं नाही म्हणून हक्क जात नाही.

मोफत वकील फौजदारीसाठीच असतो, हा समज

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, दिव्यांग, कोठडीतली माणसं, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले, औद्योगिक कामगार या सगळ्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. यात न बसणाऱ्या माणसासाठी, म्हणजे समजा साठीपुढचा पुरुष शेतकरी, महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. दिवाणी दावा, पोटगी, महसुली अपील, सगळ्याला ही मदत लागू आहे.

तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. जिल्हा प्राधिकरण जिल्हा न्यायालयात: रत्नागिरीचं रत्नागिरीत, सिंधुदुर्गाचं ओरोसला, रायगडचं अलिबागला. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. साध्या कागदावर अर्ज चालतो, लिहिता येत नसेल तर तिथले विधी स्वयंसेवक लिहून देतात.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. समितीच्या पॅनेलवरच्या, म्हणजे तिने नेमून दिलेल्या वकिलाला तुमच्याकडून एक पैसाही घेता येत नाही, "झेरॉक्सचा खर्च" म्हणूनसुद्धा नाही. मागितला तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. दुसरं म्हणजे वकील फोन उचलत नाही, तारखेला येत नाही, असं होत असेल तर कारण देऊन बदलून मागता येतो. फुकटचा वकील म्हणून गप्प बसायचं नाही.

गणपतीच्या आठवड्यात बक्षीसपत्र

मला सर्वांत जास्त चिंता या चुकीची वाटते. चाकरमानी वर्षातून दोनदा येतात, गणपतीला आणि शिमग्याला. घराचे निर्णय तेव्हाच होतात. आरती झाली, जेवणं झाली की ओटीवर विषय निघतो, "बाबा, आता नावावर करून टाका, पुढे आमच्यात भांडण नको." दोन दिवसांनी बक्षीसपत्र, म्हणजे मालमत्ता फुकट दुसऱ्याच्या नावावर करायचा कागद, नोंदवायला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात म्हातारा-म्हातारी बसलेली असतात. कागद टाइप होऊन आलेला असतो, वाचून कोणी दाखवत नाही. अंगठा, फोटो, झालं. घर, परसू, हापूसची कलमं, सगळं एका कागदावर जातं. बहिणींची हक्कसोडपत्रंही याच आठवड्यात होतात.

ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ चा आहे. त्यातलं कलम २३ म्हणतं: सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण तो व्यवहार रद्दबातल ठरवू शकतं. पण "अटीवर" या शब्दावर सगळं तोललेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या प्रकरणात सांगितलं की अट होती हे दाखवावं लागेल. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला आणि आईला मालमत्ता परत मिळाली. उदार निकालाच्या भरवशावर राहण्यापेक्षा कागदातच स्पष्ट लिहून घ्या: आमचं खाणंपिणं, औषधपाणी, राहणं हयातभर हा बघेल, न बघितल्यास हे बक्षीसपत्र रद्द होईल. आणि घरात राहायचा हक्क मरेपर्यंत स्वतःकडे ठेवा. असं लिहायला मुलगा तयार नसेल, तर सही आज करायची घाई नाही.

सही होऊन गेली असेल तर फेरफाराकडे, म्हणजे जमिनीच्या नोंदीत मालकाचं नाव बदलण्याकडे लक्ष ठेवा. तलाठ्याची नोटीस आली की १५ दिवसांत लेखी हरकत घेता येते. फेरफारावर हरकत घेतल्याने बक्षीसपत्र रद्द होत नाही, ते काम वेगळं, पण नोंद वादात जाते आणि पुढची विक्री सोपी राहत नाही.

पोटगीसाठी मुंबईला जायची तयारी करणं

मुलगा मुंबईत म्हणून केस मुंबईत, असं बरेच जण धरून चालतात. २००७ च्या कायद्याप्रमाणे अर्ज आई-वडील राहतात त्या जिल्ह्यातही करता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो, पोलीस ठाण्यात किंवा तहसीलदारांकडे नाही. स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. मूल नसलेल्या ज्येष्ठाला त्याची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा वारशाने जाणार आहे, त्या नातेवाइकाकडून पोटगी मागता येते. हे कोकणात फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि पुतण्याच्या ताब्यात बाग असलेल्या निपुत्रिक काकी गावोगाव आहेत.

पोटगी दरमहा कमाल दहा हजारांपर्यंत. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर आणखी ३० दिवस. तोवर अंतरिम पोटगी मागा, अर्जातच मागा.

कलम १७ प्रमाणे या न्यायाधिकरणात वकील उभा राहू शकत नाही. केरळ आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी २०२१ मध्ये वकिलाला मुभा दिली आहे, तेव्हा आपल्या प्रांत कार्यालयात काय चालतं ते आधी विचारून घ्या. वकील आत येवो न येवो, अर्ज आणि कागदांची यादी त्याच्याकडूनच करून घ्या.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुनं कलम १२५) कोर्टातही पोटगी मागता येते. पण दोन्हीकडे एकदम नाही. एक वाट निवडावी लागते.

हुकूम झाला आणि पैसे येईनात, तर थकलेला हप्ता देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज करा. त्यानंतर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. "गणपतीत येईल तेव्हा बोलू" म्हणत बसलेल्यांचे हप्ते असेच बुडतात.

"मुखत्यारपत्र आहे ना"

आईला स्मृतिभ्रंश झालेला, आणि मुलगी जुन्या मुखत्यारपत्रावर बँकेत, तहसीलमध्ये सह्या करते आहे. देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्याने संपतं. त्यावर केलेला व्यवहार उद्या कोणीही उकरून काढील. बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखालची स्थानिक समिती पालक नेमते, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. स्मृतिभ्रंशासाठी वेगळ्या कायद्याची सोय नाही, उच्च न्यायालयात जावं लागतं. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखल असलेल्या माणसालाही मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. घरच्यांनी तो त्याच्या वतीने मागावा.

लोकअदालतीत दमून सही करणं

लोकअदालत चांगली आहे, पैसे वाचतात. पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही. संध्याकाळी घरी जायची एसटी चुकेल म्हणून सही करू नका. पुढची तारीख मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पोटगीच्या न्यायाधिकरणाच्या निकालावर मात्र ज्येष्ठांना ६० दिवसांत अपील करता येतं. तिथेही निकाल विरोधात गेला तर उच्च न्यायालय. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी ते १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये (मुंबई उच्च न्यायालयाचं तिथलं खंडपीठ) आहे, रायगडसाठी मुंबईतच. मोफत वकील तिथेही मिळतो, आणि त्याचा अर्ज तालुक्यातल्याच समितीकडे देऊन पुढे पाठवता येतो.