हार्ड डिस्क टकटक करू लागली तर

माझ्याकडे बहुतेक फोटो स्टुडिओवाल्यांच्या डिस्क येतात. लग्नसराई संपता संपता रांगच लागते. सगळ्यांना पहिली विनंती एकच: आतून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर केबल काढा आणि पुन्हा लावून बघू नका. डेटा वाचणारं हेड आतल्या फिरत्या तबकडीला (प्लॅटरला) घासत असेल तर दर फेऱ्यागणिक डेटा कायमचा जातो. झाकण उघडू नका. फ्रीजरमध्ये तर अजिबात ठेवू नका, आत दव धरतं. ही डिस्क क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या लॅबचंच काम.

आवाज नाही, पण फोल्डर उघडताना अडकतंय? मग घरी जमू शकेल. चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासणारी सोय चालवू नका. दुरुस्तीच्या नादात ती मरणाऱ्या डिस्कवरच लिहिते. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर घ्या. कुठून कुठे कॉपी होतंय ते दोनदा तपासा, उलटं झालं तर सगळं पुसलं जाईल. मॅपफाइल (कुठवर कॉपी झालं त्याची नोंद ठेवणारी फाइल) द्याच: मध्येच वीज गेली तरी काम थांबलं तिथून पुढे चालतं. मग त्या इमेजवर फोटोरेक हा फाइली शोधून काढणारा प्रोग्रॅम चालवा. फाइलींची मूळ नावं जातात, पण फोटो हाती लागतात.

बॅकअपसाठी तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवू नका, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर तिच्यापर्यंतही पोचतं. आणि अधूनमधून प्रतीतली एखादी फाइल खरंच उघडून बघा.